पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं: ओता, घासा, वाळवा, मगच भरा

सकाळी तांब्याभर पाणी घेऊन बागेत जायचं, भांड्यात कालचं पाणी निम्म्यावर आलेलं असतं, त्यावर नवं ओतायचं, की झालं. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत पक्ष्यांचं पाणी असंच ‘बदललं’ जातं. जुनं पाणी मात्र भांड्यातून बाहेर पडलेलंच नसतं. तळाला विष्ठा, पिसं, भिजून फुगलेले ज्वारीचे दाणे तसेच असतात, काठाला शेवाळाची हिरवी रेघ धरलेली असते, आणि आठवडाभर असंच चाललं की पाण्यात अळ्या वळवळायला लागतात. मग घाबरून कुणी त्यात फिनेल टाकतं, कुणी रॉकेलचे दोन थेंब.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी मला मुद्दाम बोलावून त्यांचं भांडं दाखवलं. “रोज पाणी घालते की मी, तरी वास कशानं मारतोय गं?” काकू पाणी घालायला एक दिवस चुकत नव्हत्या, ओतून टाकायचं तेवढं राहत होतं. त्यांना जे क्रमानं करून दाखवलं तेच इथे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. यातली बरीच कामं लोक करतात, पण उलटसुलट करतात, आणि म्हणून मेहनत वाया जाते.

## १. आधी भांडं आणि जागा तपासा

चुकीच्या भांड्याची कितीही घासणी केली तरी ते चार दिवसांत पुन्हा घाण होतं.

भांडं पसरट हवं. मध्यभागी जास्तीत जास्त दोन इंच पाणी आणि काठाकडे उतरत अर्धा इंच. चिमणी, शिंपी, चष्मेवाला यांना एवढंच लागतं, आणि बुलबुल, साळुंखी, दयाळही त्यात मजेत आंघोळ करतात. बादली, घमेलं, फुटक्या डेऱ्याचा अर्धा भाग हे सगळं खोल आणि उभ्या भिंतीचं असतं. त्यात पिल्लं बुडू शकतात, आणि आतला कोपरा हाताला लागत नसल्यानं तिथे कायम बुळबुळ राहते. घमेलंच वापरायचं असेल तर आत एक चपटा, खरबरीत दगड ठेवा. मात्र तो दगडही दर वेळी बाहेर काढून घासावा लागेल, हे लक्षात ठेवा.

मला स्वतःला मातीचं मोठं परळ, म्हणजे पसरट उथळ भांडं, सगळ्यात पसंत आहे. पक्ष्यांच्या पायाला पकड मिळते आणि पाणी गार राहतं. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चौकशी केली तर मिळतं. घेताना बोटानं वाजवून बघा, आवाज खणखणीत यायला हवा. भद्द आवाज आला तर चीर आहे आणि चिरेत घाण बसते. रंगवलेलं, वॉर्निश मारलेलं घेऊ नका, महिन्याभरात रंगाचे पोपडे पाण्यात पडतात. नवं परळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि ते पाणी ओतून दिल्यावरच वापरायला काढा.

सिमेंटची कुंडी नवी असेल तर घाई नको. नव्या सिमेंटमधून चुन्याचा अंश पाण्यात उतरतो. आठ-दहा दिवस ती रोज भरायची आणि रोज ओतायची. पाण्यावर पांढरी साय धरायची थांबली की मग पक्ष्यांसाठी ठेवायची. जुन्या घरातली दगडी डोण असेल तर उत्तमच, फक्त ती पालथी करता येत नाही. तिच्यासाठी एक मोठा स्पंज लागेल. पत्र्याचं किंवा स्टीलचं ताट उन्हाळ्यात टाळा, एप्रिलच्या दुपारी त्याचा चटका आपल्या हातालाही सोसत नाही.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट सांगते. भांडी दोन घ्या, सारख्या मापाची. एक बागेत, एक वाळत. एकच भांडं असलं की पक्षी ताटकळतात, आपल्याला वाईट वाटतं आणि ओलं भांडं तसंच भरून ठेवलं जातं. वाळवणं चुकतं ते इथेच.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. अकरानंतर सावली हवी, कारण भर उन्हात पाणी तापतं आणि शेवाळ झपाट्यानं वाढतं. सावली असावी, पण भांड्याच्या बरोबर वर पक्ष्यांची बसायची फांदी नको, नाहीतर वरची विष्ठा थेट पाण्यात पडते. आणि दाण्याचं ताट शेजारी नको, सात-आठ फूट लांब असू दे. मांजराचाही विचार करा: जास्वंदीचं झुडूप भांड्याला चिकटून असेल तर मांजर त्यात दबा धरून बसतं, सहा-सात फुटांवर असेल तर पक्ष्यांना त्यात पळून लपता येतं.

*तपासा: भांड्याजवळ उभं राहून वर बघा. फांदी, केबल, पत्र्याची कड, जिथे पारवे बसतात असं काहीही डोक्यावर दिसलं तर भांडं दोन हात सरकवा. एवढ्यानंच निम्मी घाण कमी झालेली मी पाहिली आहे.*

## २. सामान वेगळं काढा

काथ्याचा किंवा नायलॉनचा एक जाड ब्रश, काठासाठी एक जुना टूथब्रश, रबरी हातमोजे, एक बादली आणि एक मग. बस्स. हे सगळं बागेतच, एका पिशवीत टांगून ठेवा. ब्रशला लाल चिंधी बांधा, म्हणजे चुकून कुणी तो मोरीत नेणार नाही. भांडं स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये किंवा खरकटी भांडी घासायच्या जागी धुवायचं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, ते ताटावाट्यांपर्यंत कशाला न्यायचे?

साबण नको. पहिल्या वर्षी मी परळ भांड्यांच्या साबणानं घासलं आणि तीन वेळा धुतलं. तरी पाणी भरल्यावर कडेला बारीक फेस येत राहिला. मातीच्या छिद्रांत साबण शिरतो आणि दिवसचे दिवस पाण्यात उतरत राहतो. पक्ष्यांच्या पिसांवर नैसर्गिक तेल असतं, त्यामुळेच पिसं पाण्यानं लगेच भिजत नाहीत. साबणानं ते तेल निघतं. ते परळ मी पुन्हा पक्ष्यांसाठी ठेवलं नाही.

तारेची घासणीही नको. तिच्या ओरखड्यांत शेवाळ आणखी घट्ट बसतं.

*इशारा: पक्ष्यांच्या पाण्यात फिनेल, रॉकेल, खाद्यतेल, मीठ, तुरटी, डासांचं औषध यातलं काहीही टाकू नका. साचलेल्या गटारात तेल टाकतात म्हणून पक्ष्यांच्या भांड्यातही चालेल असं समजू नका. तेलाचा पातळ थर पिसांना लागला की पिसं चिकटतात. पक्षी ती चोचीनं साफ करतो, तेव्हा तेच तेल त्याच्या पोटात जातं.*

## ३. रोजचं काम: पाच मिनिटं

वेळ सकाळची, उजाडल्या उजाडल्या. पक्षी यायच्या आत.

आधी भांडं पूर्ण पालथं करा. ‘वरचं पाणी’ सांडून चालत नाही, तळाचा गाळ गेला पाहिजे. मग मगभर पाणी घालून ब्रशचा एक फेर आतून मारा, तेही ओता, आणि स्वच्छ पाण्यानं एकदा विसळून भरा. एवढंच.

उन्हाळ्यात, साधारण मार्चपासून वळीव पडेपर्यंत, दुपारी एकदा पुन्हा बघावं लागतं. पाणी आटलेलं असतं आणि पारव्यांचा थवा येऊन गेला असेल तर घाणही झालेली असते. दुपारीसुद्धा ओतूनच भरायचं, वरून भर घालायची नाही.

*तपासा: भरल्यावर मिनिटभरानं पाणी संथ झालं की तळ स्पष्ट दिसला पाहिजे. धूसर दिसला तर विसळणं कमी पडलं.*

## ४. आठवड्याची घासणी

आठवड्यातला एक वार ठरवून टाका आणि तो बदलू नका. आमच्याकडे शनिवार आहे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून सात दिवसांच्या आत एकदा पूर्ण कोरडं करणं सोडायचं नाही. घरातल्या हौदाला, पिंपाला जो ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, तोच पक्ष्यांच्या भांड्यालाही लागू आहे.

पहिलं, पाणी ओता, पण कुठे ते बघून. झाडाच्या आळ्यात, उन्हात तापलेल्या मातीवर ओता. अळ्या असतील तर मातीवर त्या मरतात, गटारात ओतल्या तर तिथे मजेत वाढतात. कोथिंबीर, पुदिना, मेथीच्या वाफ्यात मात्र हे पाणी नको.

दुसरं, वाळलेली विष्ठा भिजू द्या. काठावरची सुकलेली विष्ठा नखानं किंवा सुरीनं खरवडायची सवय पुष्कळांना असते. त्याची बारीक धूळ उडते आणि नाकातोंडात जाते. त्यावर पाणी मारा, ओला फडका दहा मिनिटं टाकून ठेवा, मग ती आपोआप सुटते. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं.

तिसरं, गरम पाणी. हाताला सोसेल त्यापेक्षा थोडं जास्त गरम पाणी भांड्यात भरून दहा मिनिटं ठेवा. उकळतं पाणी गार मातीच्या भांड्यात एकदम ओतलं तर ते तडकतं. आधी कोमट, मग गरम.

चौथं, घासणी, आणि ती वरून खाली. इथे जवळजवळ सगळे चुकतात. लोक तळ घासतात, कारण घाण तिथे दिसते. पण डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. ती काळी आणि बारीक असतात, सहज दिसत नाहीत. नुसतं पाणी ओतल्यानं निघत नाहीत, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. “आम्ही तर रोज पाणी बदलतो, मग अळ्या आल्या कुठून?” या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्या काठाच्या रेघेत असतं.

म्हणून आधी बाहेरचा काठ, मग आतली भिंत गोल गोल, टूथब्रशनं पाण्याच्या रेषेवरून दोन फेर, मग तळ, आणि शेवटी भांडं उलटं करून बूड. बुडाखाली गोगलगायी आणि ओल असते, ते विसरू नका. घाण वरून खाली जाते. तळ आधी घासला तर काठाची घाण पुन्हा त्यावर येते आणि दुप्पट काम होतं.

दगडी डोण असेल तर घासल्यावर मळकट पाणी स्पंजानं टिपून बादलीत पिळा. तीन-चार वेळा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

पाचवं, विसळणं. तीन पाणी. तिसरं पाणी हातात घेऊन बघितलं तर नितळ असावं.

*तपासा: हातमोजा काढा आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर घासणी अपुरी आहे, मग रंग कितीही स्वच्छ दिसू दे. खरबरीत लागलं की झालं. लगेच हात साबणानं धुवा.*

## ५. महिन्यातून एकदा निर्जंतुकीकरण

हे प्रत्येक घराला लागतंच असं नाही. चिमण्या-बुलबुलांपुरतं भांडं असेल, आठवड्याची घासणी आणि ऊन नियमित असेल, तर मी याच्या मागे लागत नाही. पण पारवे जास्त येत असतील, भांड्याला वास येत असेल किंवा आजारी पक्षी दिसला असेल, तर कराच.

साधं, सुवास नसलेलं सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच घ्या, चार ते पाच टक्क्यांचं. एक वाटी ब्लीच आणि नऊ वाट्या पाणी. ब्लीचिंग पावडर मी वापरत नाही. आपल्या दमट हवेत उघड्या पुडीचा जोर उतरतो आणि किती टाकायची याचा अंदाज राहत नाही.

क्रम पुन्हा तोच: आधी घासायचं, मग ब्लीच. घाणीच्या थरावर ब्लीच ओतलं तर त्याचा जोर त्या घाणीतच संपतो, आणि खालचे जंतू तसेच राहतात. स्वच्छ घासलेल्या भांड्यात काठापर्यंत द्रावण भरून दहा ते पंधरा मिनिटं ठेवा. पक्षी तेवढ्यात पाणी प्यायला येतील, म्हणून भांडं उघड्यावर ठेवू नका. वर पाट किंवा जाळी झाका, किंवा पडवीत आत घ्या. मग ओता (हे मात्र झाडांना नको) आणि निदान चार-पाच वेळा विसळा. मातीचं परळ असेल तर त्यात साधं पाणी भरून तासभर ठेवा आणि तेही ओता, कारण छिद्रांत शिरलेलं ब्लीच एका विसळणीत निघत नाही.

*इशारा: ब्लीच कधीही व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या कशातही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि लहान मुलांना लांब ठेवून करा.*

*तपासा: वाळल्यावर भांड्याला नाक लावून बघा. ब्लीचचा किंचितही वास आला तर पुन्हा पाणी भरून ओता आणि पुन्हा वाळवा.*

## ६. वाळवणं

घासून झालं की लोक लगेच भरतात. थांबा. ऊन आणि कोरडेपणा ही या कामातली सर्वांत स्वस्त औषधं आहेत. शेवाळ वाळून मरतं. कबुतरांच्या आणि होल्यांच्या घशात पिवळट चट्टे आणणारा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी ओल्या जागेतच टिकतो, भांडं खडखडीत वाळलं की मरतो. हे पक्षी चोच पाण्यात बुडवून सलग पाणी ओढतात, त्यामुळे एका भांड्यावरून हा आजार पसरायला वेळ लागत नाही.

भांडं भिंतीला टेकून तिरकं ठेवा, आतली बाजू उन्हाकडे. उन्हाळ्यात सिमेंटचं भांडं अर्ध्या दिवसात वाळतं, मातीला पूर्ण दिवस द्या. मातीचं परळ वरून कोरडं दिसतं पण आत ओल असते. हातात घेतलं की वजनावरून कळतं. तोवर दुसरं भांडं बागेत असतंच.

## अडचणी, आणि त्यांच्यावरचा उपाय

पांढरे डाग. बोअरचं पाणी असेल तर काठाला क्षारांचा पांढरा थर बसतो. त्यानं पक्ष्यांचं वाईट होत नाही, पण खरबरीत थरात शेवाळ अडकतं. एक वाटी व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, अर्धा तास, मग ब्रश. पिळलेल्या लिंबाच्या सालीनंही निघतो. सिमेंटच्या कुंडीवर मात्र आंबट काही लावू नका, सिमेंट खातं.

कावळे. आपल्या गावात रविवारी मटण शिजतं आणि दुपारी कावळे हाडं आणून पाण्यात भिजवतात. शिळी भाकरी, कधी मेलेला उंदीरसुद्धा. तासाभरात पाण्यावर तेलकट तवंग येतो. त्यांना हाकलण्यात अर्थ नाही, ते परत येतात. गच्चीवर त्यांच्यासाठी एक वेगळं, थोडं खोल भांडं ठेवा. बागेतल्या भांड्यावर हाड दिसलं की ते वाटीभर पाणी न वाचवता पूर्ण ओता आणि गरम पाण्यानं घासा. तवंग गार पाण्यानं जात नाही.

काळी राख. गळीत हंगामात साखर कारखान्याजवळच्या वस्त्यांत गच्चीवर काळी भुकटी पडते. ती पाण्यावर तरंगते. त्या महिन्यांत भांडं छपराच्या कडेखाली सरकवा आणि रोज दोनदा पाणी बदला.

मधमाश्या. कडक उन्हात त्या पाण्याला येतात आणि बुडून मरतात. काठाशी चार खडे ठेवा. खडे आठवड्याच्या घासणीत गरम पाण्यात टाकून स्वच्छ करा.

## पावसाळ्यात काय

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात भांडं भरायची गरजच नसते. पाऊस ते काठोकाठ भरतो, पाणी खोल होतं आणि कुणाचं लक्ष नसतं. नेमके हेच डेंगीचे महिने. माझं सरळ मत आहे: झड लागली की भांडं घासून, वाळवून पालथं घालून ठेवा. पक्ष्यांना तेव्हा पाण्याची उणीव नसते. चार दिवस उघडीप मिळाली तर पुन्हा मांडा.

ऊन नसताना वाळवायचं कसं, हा प्रश्न खरा आहे. घरात बंब पेटत असेल तर त्याच्या जवळ, नाहीतर पंख्याखाली दोन दिवस. अर्धवट ओलं भांडं रचून ठेवलं की बुरशी धरते.

पुराचं पाणी परसात आलं असेल, जसं २०१९ आणि २०२१ मध्ये पुष्कळांच्या आलं, तर मातीचं भांडं सरळ टाकून द्या. त्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात आणि छिद्रांतून ती घाण निघेल याचा भरवसा नाही. दगड आणि सिमेंट घासून, ब्लीचनं धुऊन वापरता येतं.

## आजारी किंवा मेलेला पक्षी दिसला तर

पिसं फुगवून, डोळे मिटून भांड्याजवळच बसून राहणारा, जवळ गेलं तरी न उडणारा, गिळायला त्रास होणारा, किंवा चोचीभोवती आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारख्या गाठी असलेला पक्षी दिसला, तर त्याच दिवशी पाणी ओता आणि भांडं उचला. दाण्याचं ताटही उचला. वाईट वाटतं, पण भांडं ठेवलं तर त्या एका पक्ष्यापासून इतरांना लागण होऊ शकते.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका. दोन-तीन दिवसांत एकाच जागी बरेच पक्षी मेलेले आढळले, विशेषतः कावळे, तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

भांडं घासून, ब्लीच करून, उन्हात वाळवून किमान दोन आठवडे बाजूला ठेवा. पुन्हा मांडाल तेव्हा जागा थोडी बदला, म्हणजे जुन्या विष्ठेनं भरलेली माती पायाखाली येणार नाही. आणि पहिले आठ दिवस दुपारीही एकदा पाणी बदला.